बंधपत्राचे ३६५ दिवस, हजेरीपटावरचे ३१४: सातपुड्यातल्या एका सेवेचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्यावर करावी लागणारी बंधपत्रित सेवा नेहमी जिथे अडते त्या जागा एकत्र दिसाव्यात म्हणून पारोळा तालुक्यातली एक डॉक्टर, नंदुरबार जिल्ह्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जवळचं एक ग्रामीण रुग्णालय कल्पून ते रचलं आहे. तिच्या बंधपत्रातली कलमं आणि सेवेचे दिवस आम्ही ठरवलेत. भोवतीचे नियम, दंडाच्या रकमा आणि परीक्षेच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

घर कोरडवाहू कापसाचं. मुलीला २०१८ साली धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळाला. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काचा अर्धा भार शासनाने उचलला. उरलेली फी, वसतिगृह आणि मेस घरच्यांनी. प्रवेशाच्या वेळी मुद्रांकावर बंधपत्र झालं: पदवी आणि आंतरवासिता संपली की एक वर्ष शासन सांगेल तिथे सेवा, नाहीतर १० लाख रुपये दंड. जामीनदार म्हणून वडिलांची सही.

इथे पहिला गैरसमज. घरच्यांना साडेपाच वर्षं वाटत राहिलं की बंधपत्र शिष्यवृत्तीपोटी आहे, म्हणजे शिष्यवृत्ती घेतली नसती तर बंधपत्रही नसतं. तसं नसतं. बंधपत्र शासकीय जागेला जोडलेलं असतं. पूर्ण फी भरणारा असो किंवा अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांवरून परराज्यातून आलेला असो, सही सगळ्यांना करावी लागते. शासकीय महाविद्यालयात एक डॉक्टर घडवायला येणारा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघत नाही, तो सरकारी तिजोरीतून जातो, आणि सेवा त्या खर्चापोटी मागितली जाते. सरकारी कागदांत तिचं नाव 'सामाजिक उत्तरदायित्व सेवा'. मुलं नुसतं 'बॉण्ड' म्हणतात.

अशा अटींना न्यायालयात आव्हान देऊन झालं आहे. १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या राज्यांच्या सक्तीच्या सेवेच्या अटी वैध ठरवल्या आणि देशभर एकसारखं धोरण असावं असं सुचवलं. म्हणून 'बॉण्ड कोर्टात टिकत नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या सीनियरच्या भरवशावर कुणी राहू नये.

आता पैशाचं गणित. २०१८ च्या तुकडीपुढे दोन वाटा होत्या: सेवा करा किंवा १० लाख भरून मोकळे व्हा. आदिवासी भागातल्या बंधपत्रित एमबीबीएस डॉक्टरचं मानधन कोविडच्या काळात, २०२० मध्ये, महिना ६०,००० वरून ७५,००० झालं. बिगर आदिवासी भागात ५५,००० वरून ७०,०००. ७५,००० ने बारा महिन्यांचे ९ लाख होतात. म्हणजे सेवा टाळणाऱ्याचे खिशातून १० लाख जातात आणि येणारे ९ लाख येत नाहीत. ते वर्ष घरी बसून नीट-पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, अभ्यासात घालवलं तर एकोणीस लाखांचा फरक. तरीही शहरातली बरीच घरं तो सोसत, कारण एक वर्ष आधी एमडी होणं त्यांना त्याहून मोलाचं वाटे. कापसाच्या घरापुढे हा पर्याय कागदापुरता होता. दंड म्हणून ठेवलेली रक्कम अशी सुटकेची किंमत होऊन बसली आणि डोंगरात पोचली ती बहुतेक दहा लाख नसलेली मुलं. २०२२-२३ पासून प्रवेश घेणाऱ्यांसाठी शासनाने पैसे भरून सुटण्याची वाट बंद केली. आमच्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. मात्र या बदलाने दिवसांची मोजणी अधिक कळीची झाली आहे: पैशाचं दार बंद झाल्यावर सुटकेचा एकमेव पुरावा उरतो तो हजेरीपट.

आंतरवासिता २०२४ च्या वसंतात संपली. वाटपात तिने पसंतीक्रम भरला आणि सातपुड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. आदेशाची तारीख ३ जून. १० जूनला ती नंदुरबारला जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात हजर झाली. तिथून केंद्राचा पदस्थापना आदेश निघायला तीन दिवस गेले आणि १४ जून २०२४, शुक्रवारी, शहाद्याहून घाट चढून ती केंद्रावर रुजू झाली. सेवा मोजली जाते १४ जूनपासून. ३ पासून नाही, १० पासूनही नाही. रुजू अहवालावर तारखेइतकंच 'म.पू.' का 'म.नं.' हे महत्त्वाचं असतं: मध्यान्हपूर्व रुजू झालं तर तो दिवस धरतात, मध्यान्हानंतर झालं तर त्यावरून वाद होतो. तिने म.पू. लिहिलं, दोन प्रती केल्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवली. वर्षभरात तिने बिनचूक केलेलं हे जवळपास एकमेव कागदी काम.

केंद्राची स्थिती नेहमीची. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राला २०,००० लोकसंख्या आणि उपकेंद्राला ३,००० असा मापदंड आहे. सपाटीवर तो ३०,००० आणि ५,००० असतो. पण डोंगरात वीस हजार माणसं पाड्यापाड्यांत विखुरलेली असतात, आणि एखाद्या पाड्यावरून बाळंतिणीला रस्त्यापर्यंत आणायचं तर बांबूला बांधलेली झोळीच. १०८ ची गाडी रस्ता असेल तिथवर येते. भाषेचाही पेच. पारोळ्याच्या मुलीला अहिराणी घरची. 'तुनं पोट दुखस का?' एवढ्यावर तिने धुळ्याच्या ओपीडीत आजीबाईंना जिंकलं होतं. सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात पावरी बोलतात आणि तिथे अहिराणी मराठीइतकीच परकी. पहिले दोन महिने आशाताई शेजारी बसल्याशिवाय तिला रुग्णाचा इतिहास घेता येत नव्हता. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला 'दुखणं कधीपासून, किती वेळा' हे नीट विचारता आलं नाही तर त्यासाठीच्या विद्राव्यता चाचणीचा निकाल हातात असूनही अर्धं काम राहतं. रुजू होण्याआधी पावरीतली पन्नास वाक्यं देवनागरीत लिहून पाठ करून जावं. रिकामा वाटणारा हा सल्ला पहिल्या पंधरवड्यातच उपयोगी पडतो.

राहण्याचं म्हणाल तर निवासस्थान होतं, पण छत गळकं आणि पाणी टँकरचं. ते दुरुस्त होईपर्यंत सात आठवडे ती एका परिचारिकेच्या खोलीत राहिली. हा मुद्दा किरकोळ समजून सोडू नये. शिष्यवृत्ती देऊन सेवा बांधून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खान्देशच्या शेजारचं, बडोद्याचं. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबियात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली तेव्हा ४ जून १९१३ रोजी करार झाला: शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ साली ते नोकरीवर आले, पण अस्पृश्य म्हणून गावात राहायला खोली मिळेना. ज्या पारशी खानावळीत उतरले तिथून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. काही दिवसांतच त्यांना बडोदं सोडावं लागलं. ती गोष्ट जातीच्या छळाची आहे, गळक्या छताशी तिची तुलना होत नाही. पण करार लिहिणाऱ्याने माणसाच्या राहण्याचा विचार केला नाही तर करार तिथेच उसवतो, एवढं त्यातून दिसतंच.

खरी गाठ बसली ऑगस्टमध्ये. ग्रामीण रुग्णालयात एकच वैद्यकीय अधिकारी उरला, तोही आजारी. ४ ऑगस्टला रात्री फोन आला: 'मॅडम, उद्यापासून काही दिवस आरएचला बसा, ऑर्डर मागाहून काढतो.' सकाळी व्हॉट्सॲपवर तेवढाच एक ओळीचा संदेश. ती गेली. काही दिवसांचे ४५ झाले: ५ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर. ऐन पावसाळा, सर्पदंश, जुलाब, रात्रीची बाळंतपणं. आदेश निघाला नाही.

का निघाला नाही, हे कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, त्याचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, त्याचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. दोघांच्या वर नाशिक मंडळाचे उपसंचालक. रुग्णाला दोन्ही ठिकाणी 'सरकारी दवाखाना' एकच. कागदाला मात्र त्यांच्यामध्ये भिंत. भिंतीपलीकडे माणूस पाठवायचा तर एका बाजूने प्रतिनियुक्तीचा आदेश आणि दुसऱ्या बाजूने रुजू करून घेतल्याचं पत्र लागतं. फोनवर माणूस जातो, हजेरी जात नाही. केंद्राच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढचे ४५ रकाने कोरे राहिले, कारण ती तिथे नव्हती. ग्रामीण रुग्णालयाच्या हजेरीपटावर तिचं नावच नव्हतं, कारण ती त्यांची नव्हती.

पहिला फटका मानधनाला. कोरे रकाने म्हणजे विनावेतन. ऑगस्टचे ३१ पैकी २७ दिवस: ६५,३२३ रुपये. सप्टेंबरचे ३० पैकी १८: ४५,०००. एकूण १,१०,३२३ कापले गेले. तिने तोंडी विचारलं, 'पुढच्या बिलात घेऊ' असं तोंडी उत्तर मिळालं. मानधन कापलं जातं तेव्हा फक्त पैसे जात नाहीत, तो दिवस सेवेतूनही जातो, हे तिच्या ध्यानात आलं नाही. आमच्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातली मोठी चूक ही. पैसे यथावकाश येतीलही; पण कपातीचं बिल मुकाट स्वीकारणं म्हणजे गैरहजेरी मान्य करणं असा अर्थ पुढे काढला जातो. बिल दिसताच त्याच आठवड्यात लेखी हरकत द्यायला हवी होती.

फेब्रुवारीत कावीळ झाली, सहा दिवस पारोळ्याला घरी. रजेचा अर्ज तिने लिपिकाच्या हातात दिला, आवक क्रमांक न घेता. तो अर्ज पुन्हा कुणाला दिसला नाही.

तिची सेवा १३ जून २०२५ च्या सायंकाळी संपायची होती, आणि नीट-पीजी आधी १५ जूनला ठरली होती. सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा एकाच सत्रात घ्यायला सांगितल्यावर ती ३ ऑगस्टवर गेली. हे झालं नसतं तर पुढचा गुंता परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येऊन पडला असता. ९ जूनला कार्यमुक्तीसाठी सेवेचा गोषवारा मागितला तेव्हा १३ जूनपर्यंत धरून आकडा आला ३१४. पंचेचाळीस प्रतिनियुक्तीचे आणि सहा काविळीचे, असे ५१ दिवस कमी. दिवसांच्या प्रमाणात दंड आकारण्याचं कलम तिच्या बंधपत्रात नव्हतं: ३६५ पेक्षा कमी म्हणजे सेवा अपूर्ण.

अशा वेळी मुलं दोनपैकी एक करतात. काही जण 'झालं माझं वर्ष' म्हणून प्रभार सोपवून निघून जातात आणि मग बंधपत्र मुक्तीचं प्रमाणपत्र घ्यायला सहा महिने चपला झिजवतात. काही जण निमूट ५१ दिवस आणखी काढतात. तिने तिसरी वाट धरली: प्रभार सोडला नाही, रोज हजेरीपटावर सही करत राहिली आणि पुरावे जमवायला लागली.

पुरावा म्हणून काय चाललं आणि काय नाही, हे पाहण्यासारखं आहे. व्हॉट्सॲपचा संदेश दाखवला. त्यात तिचं नाव नव्हतं, मुदत नव्हती, पाठवणाऱ्याला तसा आदेश काढण्याचा अधिकार होता की नाही हाही प्रश्नच. बाह्यरुग्ण नोंदवहीतल्या सह्या थोड्या उपयोगी पडल्या, पण आद्याक्षरांची सही कुणाचीही असू शकते. प्रसूती नोंदवहीत तिचं पूर्ण नाव होतं, ते बरं झालं. निर्णायक ठरले ते वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांचे कागद: मारहाण आणि अपघाताची अकरा प्रमाणपत्रं आणि तीन शवविच्छेदन अहवाल. त्यांच्यावर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ असते, आणि मुख्य म्हणजे एक प्रत पोलीस ठाण्याकडे गेलेली असते. दवाखान्याबाहेरच्या कार्यालयात पडलेली नोंद दवाखान्यातल्या कुणाला बदलता येत नाही. चौदा कागद मिळून ४५ पैकी बारा तारखा सिद्ध झाल्या; पहिली ६ ऑगस्टची, शेवटची १७ सप्टेंबरची. प्रसूती नोंदवहीने मधल्या बऱ्याच तारखा भरल्या.

हे सगळं तारीखवार एका तक्त्यात मांडून तिने ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना पत्र दिलं आणि मागणी नेमकी ठेवली: 'दि. ०५/०८/२०२४ ते दि. १८/०९/२०२४ या कालावधीत मी आपल्या रुग्णालयात कार्यरत असल्याबाबत अभिलेखावरून खात्री करून प्रमाणपत्र मिळावे.' 'माझ्यावर अन्याय झाला आहे' असं एकही वाक्य नाही. अन्यायाच्या पत्रावर अभिप्राय मागवतात, अभिलेखाच्या पत्रावर प्रमाणपत्र मिळतं. अधीक्षकांचं प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलं आणि त्यांनी प्रतिनियुक्तीला कार्योत्तर मंजुरी दिली. हा शब्द लक्षात ठेवावा. मागल्या तारखेचा आदेश कुणी काढणार नाही आणि तो मागूही नये. आधी होऊन गेलेल्या कामाला आजच्या तारखेने मंजुरी, हा नियमात बसणारा मार्ग आहे. प्रमाणपत्र मिळालं नसतं तर माहितीच्या अधिकारात नोंदवह्यांच्या साक्षांकित प्रती मागता आल्या असत्या: १० रुपये अर्जाचे, पानाला २ रुपये, पण मुदत ३० दिवसांची. तेवढा वेळ नव्हता.

काविळीचे सहा दिवस मात्र गेले ते गेलेच. अर्जाची पोच नाही, वैद्यकीय प्रमाणपत्र नंतरच्या तारखेचं. ते तिने भरून काढले.

कार्यमुक्तीचा आदेश ११ जुलैला हातात पडला. १४ जून ते ११ जुलै हे २८ दिवस झाले. त्यातले सहा तुटीपोटी धरले गेले, उरलेले बावीस ना सेवेत ना मानधनात, कारण मुदतवाढीचा आदेश तिने मागितलाच नव्हता. थांबण्याचा निर्णय बरोबर होता असंच आम्ही म्हणू. पण ९ जूनलाच एक ओळ लिहून द्यायची होती: 'सेवा कालावधीची पडताळणी पूर्ण होईपर्यंत मुदतवाढ मिळावी.' त्याहून बरं, गोषवारा मेच्या पहिल्या आठवड्यात मागायचा. खरं तर दर तीन महिन्यांनी मागायचा.

आणि ४ ऑगस्टच्या त्या रात्री काय करायला हवं होतं? जाणं भागच होतं. रुग्णालय डॉक्टरविना ठेवून आदेशाची वाट पाहत बसणं कुणी सुचवणार नाही. पण सकाळी निघण्यापूर्वी केंद्राच्या आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयीन ईमेलवर तीन वाक्यं पुरेशी होती: 'आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार मी आज दि. ०५/०८/२०२४ रोजी म.पू. ग्रामीण रुग्णालयात रुजू होत आहे. तसा लेखी आदेश मिळावा. आदेश मिळेपर्यंत माझी हजेरी तेथे नोंदवण्यात येत आहे.' तिकडे पोचल्यावर त्यांच्या हजेरीपटाच्या तळाशी स्वतःचं नाव लिहून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम.

थोडं कराबद्दल, कारण यात मुलांचे पैसे उगाच अडकतात. तिच्या मानधनातून १० टक्के कपात होत होती, व्यावसायिक शुल्क म्हणून, पगार म्हणून नाही. ३१ मार्च २०२५ पर्यंतची कपात साठ हजारांच्या आसपास. 'टॅक्स गेला' म्हणून ती सोडून देणार होती. कपात कुठल्या कलमाखाली आहे ते आधी २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी विवरणात, पाहायचं. त्या वर्षीच्या आयकर कायद्यात ते १९४जे, म्हणजे व्यावसायिक शुल्काचं, असेल तर कलम ४४एडीए खाली एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवता येत होती. तिचं ते तीन लाखांच्या आत आलं, कर शून्य, म्हणजे कापलेलं सगळं परत. त्यासाठी विवरणपत्र वेळेत भरावं लागतं. कपात पगाराच्या कलमाखाली असेल तर हा हिशेब लागू नाही.

पदव्युत्तरच्या वेळी आणखी दोन गोष्टींत घोळ होतो. आदिवासी भागात वर्ष काढलं म्हणून सेवांतर्गत कोट्याचा लाभ मिळेल असं पुष्कळांना वाटतं; तो कोटा नियमित सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आहे. आणि शासकीय महाविद्यालयात एमडी-एमएस घेतलं की नवं बंधपत्र होतं, पुन्हा एक वर्ष, या वेळी ५० लाखांचं. अतिविशेषोपचार अभ्यासक्रमाला २ कोटींचं. जुन्याच्या मुक्तीचं प्रमाणपत्र आणि नवं बंधपत्र वेगवेगळ्या फायलींत ठेवावं.

कापलेले १,१०,३२३ रुपये कार्योत्तर मंजुरीमुळे देय झाले, पण ते आधीच्या आर्थिक वर्षातले. त्यांचं पुरवणी देयक अनुदान आल्यावर निघेल, आणि ती इथे नसताना त्याचा पाठपुरावा कुणी करणार नाही. निघण्यापूर्वी तिने लेखाशाखेला स्वतःचा बँक खाते क्रमांक, पॅन आणि कायमचा पत्ता पुन्हा एकदा लेखी दिला, पोच घेऊन. तोच पत्ता तिने पोलीस ठाण्यातही कळवला. त्या तीन शवविच्छेदनांपैकी एक खुनाच्या गुन्ह्यातलं आहे. खटला उभा राहिला की साक्षीचं समन्स निघेल आणि ती जिथे शिकत असेल तिथून तिला न्यायालयात यावं लागेल. अहवालाची झेरॉक्स आणि त्या दिवशीची स्वतःची टिपणं तिने जपून ठेवली आहेत.